परमुलखात वाढताना : प्रस्तावना

घर सोडून परक्या मुलखात राहायला गेलेल्या माणसाचे काय होते, या प्रश्नावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन विमानाने किंवा बोटीने परदेशी गेलेल्यांविषयी आहे : विद्यार्थी, धर्मोपदेशक, राजदूत, कंपन्यांचे अधिकारी. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतून दरवर्षी दिवाळी सरली की हजारो माणसे दाराला कडी लावतात, पोराबाळांसह आणि भांड्याकुंड्यांसह भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे निघतात, आणि शिमग्याला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परततात. ती या लेखनात जवळजवळ नाहीत. त्यांचा परमुलूख शंभरेक किलोमीटरवर असतो, त्याला पासपोर्ट लागत नाही. पण तिथे बोली वेगळी, पाणी वेगळे, माणसाला हाक मारायची रीत वेगळी, आणि आपण कोण याचे उत्तरही वेगळे.

हे पुस्तक दोन्ही प्रकारच्या माणसांकडे एकाच नजरेने पाहते. परदेशी विद्यापीठात गेलेली मुलगी आणि भट्टीवर गेलेली तिची मावशी यांच्या अनुभवांत काही समान आहे, आणि त्या दोघींना जे मिळाले त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक नीट कळला, तर परक्या जागी माणूस खचतो केव्हा आणि वाढतो केव्हा, हेही कळेल. वाचक या विषयात नवा असेल असे धरून आधी विषयाचा नकाशा मांडतो.

१९५४ साली कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने रिओ द जानेरो इथल्या एका महिला मंडळापुढे व्याख्यान दिले. श्रोत्यांमध्ये परदेशातून ब्राझीलमध्ये राहायला आलेली कुटुंबे होती. ‘कल्चर शॉक’ हे शब्द ओबर्ग यांच्या आधी कोरा ड्यू बॉइस यांनी वापरले होते, पण ते घरोघर पोचले ओबर्ग यांच्या व्याख्यानामुळे, आणि १९६० मध्ये ते छापून आल्यावर आणखीच. त्यांचे म्हणणे साधे होते. आपल्या गावात आपण दिवसभर शेकडो खुणांच्या आधाराने वावरतो. कुणाला नमस्कार करायचा, कुणाला नुसती मान हलवायची, आमंत्रण मनापासूनचे आहे की तोंडदेखले, दुकानात घासाघीस चालते की नाही, हे आपल्याला विचार न करता कळते. परक्या देशात या खुणा एकदम नाहीशा होतात. माणूस शिकलेला असो वा अडाणी, तो चाचपडू लागतो. मग पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी, सारखे हात धुणे, क्षुल्लक कारणावरून संताप, घरच्या जेवणाची तीव्र ओढ, यजमान देशातल्या लोकांविषयी कडवट बोलणे, अशी लक्षणे दिसतात. आधी नवलाई, मग पेच, मग सावरणे आणि शेवटी रुळणे, असे चार टप्पे ओबर्ग यांनी सांगितले.

विचाराची सुरुवात मात्र त्याआधीची आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसावर एक छोटा निबंध लिहिला. आज येऊन उद्या निघून जाणारा वाटसरू त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. आज येऊन उद्याही राहणारा माणूस होता. असा माणूस समाजात असतो आणि नसतोही, म्हणून त्याला काही गोष्टी इतरांपेक्षा स्पष्ट दिसतात. १९२८ मध्ये शिकागोच्या रॉबर्ट पार्क यांनी दोन समाजांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचे चित्र रंगवले आणि त्याची ओढाताण हीच त्याच्या विचारशक्तीची भूमी आहे असे मांडले. व्हिएन्नाहून परागंदा होऊन अमेरिकेत आलेल्या आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४४ मध्ये परक्यावर आणि १९४५ मध्ये घरी परतणाऱ्यावर असे दोन निबंध लिहिले. परतणारा माणूस पुढे या विषयात बराच काळ मागे पडला, पण शुट्झ यांनी त्याला सुरुवातीलाच जागा दिली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिष्यवृत्त्या वाढल्या, विद्यार्थी देशोदेशी जाऊ लागले आणि मोजमापाचे युग सुरू झाले. नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५५ मध्ये निष्कर्ष मांडला : सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बरे असतात, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे असतात, मधले मात्र सर्वांत कष्टी. कागदावर ही रेषा खाली उतरून वर चढते. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने तिला आणखी एक उतार जोडला, मायदेशी परतल्यानंतरचा. परत आलेल्यालाही आपलेच गाव परके वाटते, हे त्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आले.

या रेषा फार लोकप्रिय झाल्या. परदेशी जाणाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत त्या आजही छापल्या जातात. पण पुरावा त्यांना पुरेशी साथ देत नाही. १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा नवलाईचा टप्पा जवळजवळ सापडलाच नाही. सर्वांत जास्त त्रास अगदी पहिल्या दिवसांतला होता. ज्याने कधी नव्या गावात पहिली रात्र काढली आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

आज या क्षेत्रात चार प्रमुख दृष्टी दिसतात. पहिली धक्क्याकडे आजारासारखी पाहते : लक्षणे कोणती, ती किती दिवस टिकतात, उपाय काय. दुसरी त्याकडे शिकण्याचा प्रश्न म्हणून पाहते. एड्रियन फर्नहॅम आणि स्टीफन बॉक्नर यांच्या मते परक्या माणसाला बरे करायचे नसते, त्याला तिथल्या रीती शिकवायच्या असतात; सवयी आल्या की धास्ती ओसरते. तिसरी दृष्टी वाढीची. पीटर अॅडलर यांनी १९७५ मध्ये असे मांडले की हा धक्का माणसाला स्वतःच्या गृहीतांकडे पाहायला लावतो, आणि तिथूनच प्रगल्भतेचा रस्ता निघतो. यंग युन किम यांनी ताण, जुळवून घेणे आणि वाढ यांची एकात एक गुंतलेली साखळी दाखवली. चौथी दृष्टी जॉन बेरी यांची. ते दोन प्रश्न विचारतात : माणसाला आपले जुने टिकवायचे आहे का, आणि नव्या समाजात मिसळायचे आहे का? दोन्हींना होकार असेल तर समावेश, फक्त दुसऱ्याला असेल तर विलीन होणे, फक्त पहिल्याला असेल तर अलग राहणे, आणि दोन्ही सुटले तर कडेला फेकले जाणे. माणसाने कुठली वाट धरावी हे त्याच्या एकट्याच्या हातात नसते, यजमान समाज काय देऊ करतो त्यावर ते ठरते, असे बेरी आवर्जून सांगतात. या पुस्तकाची दिशा ठरवताना हा मुद्दा सर्वांत उपयोगी पडला.

वाढीविषयीचे अलीकडचे संशोधनही सावधपणे वाचण्यासारखे आहे. मॅडक्स आणि गॅलिन्स्की यांनी २००९ मध्ये दाखवले की परदेशात राहण्याचा सर्जनशीलतेशी संबंध दिसतो, नुसत्या सहलीचा दिसत नाही. २०१८ मध्ये हायो अॅडम यांच्या गटाला असे आढळले की परदेशात राहिलेल्यांची स्वतःविषयीची समज अधिक स्पष्ट असते, आणि त्यात किती देश पाहिले यापेक्षा किती काळ राहिलो हे महत्त्वाचे ठरते. कारण तिथे माणूस स्वतःला विचारतो : हे मी मानतो ते खरोखर माझे आहे, की माझ्या गावाने दिले म्हणून मी धरून ठेवले? हा प्रश्न विचारायला वेळ लागतो, जरा निवांतपणा लागतो. वीटभट्टीवर रात्री दोनला उठून गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवणाऱ्याला तो निवांतपणा कुठून मिळणार?

मराठीत या अनुभवाची परंपरा समृद्ध आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या काळात बायका आघाडीवर होत्या हे विसरता येत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या मागे न्यू जर्सीतल्या रोझेल गावचे कार्पेंटर कुटुंब उभे होते, ज्यांनी त्यांना लेकीसारखे घरात घेतले. तरीही थंडी, हाल आणि क्षय यांनी शरीर पोखरले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या, तेव्हा त्यांनी वयाची बावीस वर्षेही पुरी केली नव्हती. परक्या जागी झालेल्या वाढीची किंमत शरीर मोजते, हे त्यांच्या आयुष्यात लख्ख दिसते. रमाबाईंनी अमेरिकेत तिथले शिक्षण, संस्था आणि स्त्रियांची संघटित कामे बारकाईने पाहिली, १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू केले. परदेशात पाहिलेले इथे रुजवण्याचा इतका थेट दाखला दुसरा क्वचितच सापडेल.

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त मानणारे होते आणि कवट्यांच्या मोजमापातून त्याला आधार मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. कर्व्यांच्या मोजमापात तसे काही निघाले नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध उभे राहण्याचे हे धैर्य त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

परतीचा सर्वांत जळजळीत अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ ते १९१७ या काळात ते न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकले. तिथल्या वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी आत्मकथनपर टिपणांत नोंदवले आहे. बडोद्याला नोकरीसाठी उतरले आणि राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत नाव बदलून राहावे लागले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि एका उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला सार्वजनिक बागेत बसून दिवस काढावा लागला. अमेरिकेत त्यांना जे साधेपणाने मिळाले, ते मायदेशाने नाकारले. परदेश आणि स्वदेश या शब्दांचे नेहमीचे अर्थ इथे पार उलटतात. संस्कृतीच्या धक्क्याचा कुठलाही अभ्यास जात आणि सत्ता वगळून केला तर तो भारतात अपुराच राहणार, हे या एका प्रसंगाने सिद्ध होते.

पुढे हा अनुभव मध्यमवर्गीय घरांत पसरला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये मराठी वाचकाला विलायतेची प्रसन्न ओळख करून दिली. त्यानंतर प्रवासवर्णनांचा आणि परदेशस्थ मराठी माणसाच्या कथा-लेखांचा ओघच सुरू झाला. या साहित्याचे मोल मोठे आहे. मात्र त्यात बोलणारा माणूस बहुधा एकाच सामाजिक थरातला असतो.

आता जव्हारकडे वळू. सह्याद्रीच्या अंगावरचे हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. चौदाव्या शतकापासून इथे मुकणे घराण्याचे राज्य होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर जव्हार, मोखाडा त्यात आले. दहातली नऊ माणसे आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी ही पिके. पावसाळ्यात डोंगर फेसाळतात आणि एप्रिल-मे मध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन रानोमाळ हिंडतात. मध्य वैतरणा धरण मोखाड्यात आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. पाण्यामागोमाग माणसेही उतरतात.

एकाच टेकडीवरून दोन वाटा कशा फुटल्या ते पाहण्यासारखे आहे. संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे इंग्लंडमध्ये शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्याच काळात पाड्यांवरची माणसे सावकाराच्या आणि जमीनदाराच्या वेठीत होती. राजवाड्यासाठी परदेश म्हणजे शिक्षण होते, पाड्यासाठी परमुलूख म्हणजे पोट. जगायला जातो, असेच इथली माणसे म्हणतात.

भट्टीवरचे जगणे जवळून पाहू. पावसाळ्यात घरातले धान्य संपत येते, सणासुदीला हातात पैसा नसतो, तेव्हा मुकादम बयाणा देतो. त्या रकमेने हंगाम आधीच विकला जातो. भट्टीवर पोचल्यावर कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा ताडपत्री टाकून भोंगा उभा करायचा. उभे राहिले तर डोके टेकते इतकीच उंची. मध्यरात्रीनंतर उठून गारा तुडवायचा, नवऱ्याने साच्यात थापायचे, बायकोने आणि मोठ्या पोरांनी वाहून रांगेत मांडायचे. मजुरी हजार विटांमागे ठरलेली, हातात मात्र आठवड्याची खर्ची तेवढी येते. उरलेल्याचा हिशेब शेवटी, बयाणा वजा करून. वहीत काय लिहिले ते शेठला माहीत. धान्य, चूल, बोली आणि शेजारची चार घरे एवढेच ओळखीचे. बाकी सगळे परके. शाळेच्या पटावरचे पोराचे नाव गावात राहते आणि पोर इथे विटा उलथत असते.

ओबर्गने सांगितलेली धास्ती, चिडचिड, घराची ओढ, सगळे इथे आहे. सावरण्याचा टप्पा मात्र येत नाही, कारण हंगाम संपतो आणि पुढच्या वर्षी वेगळी भट्टी, वेगळा शेठ. वीस वर्षे दरसाल धक्का खाल्लेल्या माणसाला आपण प्रगल्भतेची गोष्ट सांगू लागलो तर तो अपमान होईल. या पुस्तकाचा कणा इथे आहे. धक्का आपोआप कुणाला वाढवत नाही. वाढवतो तो धक्क्यानंतर मिळालेला आधार : कुणीतरी नावाने हाक मारणारे, चूक करायची मुभा, शिकायला वेळ, केलेल्या कामाचा रास्त मोबदला आणि परत फिरायची मोकळीक. आवण उपटून लावणी केली की भाताचे रोप चार दिवस पिवळे पडतेच. पुढे ते धरते की जळते हे खाचरात पाणी उभे आहे की नाही यावर ठरते.

याचे पुरावे याच मुलखात आहेत. भट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या, तेव्हा त्याच मातीत बसून मुले वाचायला शिकली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारीविरुद्ध माणसे एकत्र केली आणि हिशेबाची वही बघायला मागण्याची हिंमत त्यांच्यात आली. भट्टी तीच होती, श्रमही तेच. पाठीशी माणसे उभी राहिली तेव्हा परमुलूख शिकवू लागला.

दुसरा पुरावा पार वेगळ्या दिशेचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, जन्म १९३४. लग्नाच्या चौकासाठी तांदळाच्या पिठाने भिंत लिहिणे हे सुवासिनींचे काम. म्हसे यांनी ते रोजचे काम केले आणि कागदावर आणले. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांची चित्रे पाड्याबाहेर नेली, १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत ती लागली. १९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्राच्या मोठ्या प्रदर्शनात ते होते, २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाचीजवळ तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम सुरू केले; तिथे म्हसे आणि इतर वारली चित्रकार राहून काम करून आले. हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ पडणारा तो डोंगराळ भाग, आणि तिथेही उतारावर भाताची खाचरे. गंजाडच्या माणसाला याहून परका मुलूख कुठला? पण त्या घरात त्याच्या हातच्या कामाला मान होता, काम करायला मोठा पृष्ठभाग होता, घाई नव्हती. आपली वारली ओळख दाराबाहेर ठेवून आत या, असे त्याला कुणी सांगितले नाही. बेरी ज्याला समावेश म्हणतात तो हाच, आणि तो यजमानाने देऊ केला म्हणून शक्य झाला.

या दोन टोकांच्या मध्ये आश्रमशाळा आहे, आणि माझ्या मते या मुलखातला सर्वांत मोठा, सर्वांत दुर्लक्षित सांस्कृतिक धक्का तिथेच बसतो. सहा-सात वर्षांचे पोर आईच्या कुशीतून उठून शेकडो मुलांच्या वसतिगृहात येते. घरी वारली किंवा कोकणा बोलणारे ते मूल वर्गात एकदम पुस्तकी मराठी ऐकते. पहिले काही आठवडे काही मुले बोलतच नाहीत, आणि ती मंद आहेत अशी नोंद होते. एखादा शिक्षक त्यांच्या बोलीत चार वाक्ये बोलला तरी चेहरे उजळतात. असे शिक्षक आहेत, आणि त्यांच्यामुळे शिकलेली मुले आज परिचारिका, अभियंते, तलाठी, प्राध्यापक आहेत. यातल्या प्रत्येकाच्या आठवणीत एक ठरावीक माणूस असतो, जो पहिल्या महिन्यात भेटला.

येणाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर गेलेल्या गोदावरी परुळेकर पुण्यात वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर. झोपडीत राहणे, मिळेल ते खाणे, बोली कळून घेणे, हे सगळे त्यांना नव्याने शिकावे लागले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक वारल्यांच्या लढ्याचे आहेच; एका शहरी स्त्रीच्या घडणीचेही ते पुस्तक आहे. जव्हारमध्ये १९७२ पासून काम करणाऱ्या प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांतून आणि इथल्या आरोग्य केंद्रांतून बाहेरची कितीतरी माणसे आली. काही सहा महिन्यांत बदली करून गेली, काही जन्मभर राहिली. राहिलेल्यांना कुणी राखले? बहुतेक वेळा पाड्यावरच्या बायकांनी, ज्यांनी त्यांना न विचारता नागलीची भाकरी वाढली. आधार देण्याची ताकद फक्त श्रीमंतांकडे असते असे नाही.

परतणेही इथे वेगळे आहे. शिमग्याला माणसे गावाकडे वळतात. मोखाड्याचा बोहाडा होतो, देवादिकांची सोंगे नाचतात, ठरलेली सोंगे ठरलेल्या घराण्यांकडे असतात. वर्षाचे सहा महिने भट्टीवर कुणीही नसलेला माणूस त्या रात्री मुखवटा चढवून सगळ्या गावाचा देव होतो. परतणाऱ्यासाठी जागा राखून ठेवणारी अशी व्यवस्था अमेरिकेतून येणाऱ्या मराठी मुलाला त्याच्या सोसायटीत सापडत नाही. मात्र शिकून नोकरीला लागलेल्या मुलामुलींचे परतणे वेगळे असते. त्यांना घरात मान मिळतो, पण गप्पांत जागा मिळत नाही. या मुलांचे एकटेपण हा येत्या काळात महत्त्वाचा विषय ठरणार आहे.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर त्यातच आहे. इथली पहिली शिकलेली पिढी आता मुंबई-पुण्याच्या पुढे पाहू लागली आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे. देशभरासाठी तिच्या जागा वर्षाला २०. राज्याचा आदिवासी विकास विभागही परदेशी शिक्षणासाठी मदत देतो. शुल्क, तिकीट, निर्वाह यांची तरतूद कागदावर होते. तिथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कोण भेटणार, हिवाळ्यातले अंधारे दिवस काढताना कोणाशी बोलायचे, आपण आदिवासी आहोत हे मराठी मंडळातही सांगायचे की नाही, याची तरतूद कुठेच नसते. दुसरीकडे भट्ट्या, बांधकामे आणि मासेमारीच्या बोटी यांकडे जाणारा लोंढा चालूच आहे. २०२० च्या टाळेबंदीत माणसे पायी घरी परतली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला ती दिसली. त्यानंतर पुन्हा दिसेनाशी झाली.

या पुस्तकात माणसे स्वतः बोलतात. भट्टीवर हयात काढलेली जोडपी आहेत, वसतिगृहात वाढलेल्या मुली आहेत, मुंबईच्या रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, परदेशात शिकून आलेले आणि परदेशातच राहिलेले आहेत, आणि बाहेरून इथे येऊन राहिलेले डॉक्टर, शिक्षक आहेत. त्यांची नावे बदलली आहेत. संपादकांनी बोलीचा सूर शक्य तितका राखला आहे, आणि त्याबद्दल वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत अशी विनंती आहे. सिद्धान्त माणसांवर लादायचा नाही, असा नियम त्यांनी पाळला. कुणाची गोष्ट ओबर्गच्या टप्प्यांत बसत असेल तर बसते, नसेल तर तशीच ठेवली आहे. सगळ्यांनाच शेवटी काही शहाणपण गवसले असा आव आणलेला नाही. काहींचे फक्त नुकसान झाले, आणि तेही इथे नोंदले आहे. स्थलांतराची आकडेवारी किंवा परदेशी जाणाऱ्यांसाठी सल्ल्याची यादी शोधणाऱ्याला इथे ती मिळणार नाही. परक्या जागी राहिलेल्या माणसाच्या आत काय घडते आणि ते कशामुळे घडते, एवढाच या पुस्तकाचा शोध आहे.

जव्हार-मोखाड्याच्या तरुण वाचकांना एक सांगावेसे वाटते. बाहेर पडल्यावर पहिल्या दिवसांत जी भीती वाटेल ती तुमच्या मागासलेपणाची खूण नाही. हार्वर्डला गेलेल्यालाही ती वाटते. फरक इतकाच की त्याच्यासाठी स्वागताची व्यवस्था असते. तशी व्यवस्था मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि तुमच्या आधी गेलेल्या एकाने मागे येणाऱ्या एकाला पहिला महिना साथ दिली, तर सरकारी योजनेची वाट न पाहताही पुष्कळ होईल.

बाकीच्या वाचकांपुढे माझी अपेक्षा अधिक कठोर आहे. आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी यजमान असतात : वसतिगृहाचे अधीक्षक, वर्गशिक्षक, घरमालक, कारखानदार, शेजारी. दारात आलेला परका माणूस वाढेल की खचेल, याचा मोठा वाटा आपल्या हातात असतो. भट्टीवर हिशेबाची वही मजुराला वाचून दाखवणे, वर्गातल्या गप्प मुलाशी त्याच्या बोलीत बोलायला शिकणे, घर भाड्याने देताना आडनाव न विचारणे, ही कामे उद्यापासून करता येतात. इथली कथने वाचून वाचकाने यातले एक जरी हाती घेतले, तर हे पुस्तक ज्यांनी आपले आयुष्य उघडे करून सांगितले त्यांचे ऋण थोडे फिटेल.